माझ्या सायकलीची थैली

गेल्या मार्गशीर्षातील एका सोमवारी कोंडेश्वराचे दर्शन घेऊन परत येत असता माझ्या सायकलीच्या मागच्या चाकातील हवा गेली, आणि त्या एका पंक्चरापायी आमच्या घरात जो वाद उत्पन्न झाला तो पुरा एक महिना चालला. वादाचा विषय असा की, सहासष्ट वर्षांच्या माणसाने, त्यातून दाराशी मुलाची मोटार उभी असता, सायकलीवर बसून गावाबाहेर जावे किंवा नाही. एका बाजूस चिरंजीव, दुसऱ्या बाजूस मी, आणि मध्ये आमचे कुटुंब, अशी ती सभा होती. तिचा निकाल अखेर एका कापडी थैलीने लावला. ती थैली, तिच्यातील हत्यारे, आणि अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर यांमधील ज्या रस्त्यांवर ती माझ्यासंगे हिंडते ते रस्ते, यांविषयी चार शब्द लिहावे असे मनात आले. ज्यांच्या घरी सायकल आहे आणि ज्यांच्या घरी वडीलधारे माणूस आहे, अशा दोन्ही प्रकारच्या वाचकांस त्यांतून थोडेफार घेण्यासारखे सापडेल असे वाटते.

प्रथम त्या सोमवारची हकीकत. आम्ही अंबरनाथचे रहिवासी. येथून बदलापूर सात-आठ किलोमीटर. बदलापूर गाव मागे टाकून भोजच्या धरणावरून कोंडेश्वराकडे निघाले म्हणजे वस्ती विरळ होत जाते, दोहों बाजूंस भाताची खाचरे लागतात, आणि दूर चंदेरीचा सुळका दिसू लागतो. देवळापाशी डोंगरातून येणारे पाणी कुंडात साठते. पावसाळ्यात हेच पाणी इतके माजते की तेथे बुडून माणसे गेली आहेत. परंतु मार्गशीर्षात ते शांत असते, गर्दीही नसते. दर्शन झाले, शिदोरी सोडली, आणि उन्हे उतरू लागली तसा मी परत फिरलो. मैलभर आलो असेन नसेन, तोच मागचे चाक खडखडू लागले. बाभळीचा काटा टायरातून आरपार गेला होता.

मला फारशी चिंता वाटली नाही. पंप सायकलीला अडकविलेला होता आणि पंक्चरची डबी खिशात होती. रस्त्याच्या कडेस बैठक मारून डबी उघडली, तो सोल्यूशनची नळी दगडासारखी टणक! दोन वर्षांपूर्वी एकदा उघडून तशीच ठेवलेली. आतला द्रव केव्हाच उडून गेलेला. म्हटले, निदान हवा भरून भरून गाव गाठू. तर पंपाचा दांडा नुसताच खालीवर होई, हवा म्हणून येईना. आतला चामड्याचा वायसर सुकून आखडला होता. पाणिनीने करण या कारकाचे लक्षण सांगताना, क्रियेच्या सिद्धीस जे सर्वांहून अधिक साधक तेच करण, असे सांगितले आहे. मी ते तीस वर्षे मुलांना शिकविले. त्या सोमवारी माझ्याजवळच्या पंपाला कोणत्याही वैयाकरणाने तृतीया विभक्ती लावू दिली नसती!

सायकल हाती धरून चालू लागलो. थोड्याच वेळात अंधार पडला, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. माझा दिवा डायनामोचा. डायनामो टायरावर घासून वीज करतो. चाक वेगाने फिरेल तर उजेड. हवा गेलेल्या चाकाची सायकल ढकलीत नेणाऱ्याला तो काय प्रकाश देणार? ज्या वेळी उजेडाची खरी गरज, नेमक्या त्याच वेळी दिवा आंधळा. मागून एक टेंपो भरधाव आला. त्याला मी दिसलोच नाही. मी सायकलीसह खाचराच्या बांधावर उडी घेतली म्हणून बरे. तथापि गुडघा फुटलाच. बदलापुरात एक दुकान उघडे सापडले, पंक्चर निघाले, आणि घरी पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते.

घरी काय चालले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. मोबाईल मी कपाटात ठेवून गेलो होतो, आणि कोणत्या रस्त्याने जाणार हे कोणास सांगितले नव्हते. मुलगा कामावरून आला तो तसाच मला शोधावयास निघाला. शिवमंदिर पाहून, उल्हासनगरचा बाजार पाहून, एका इस्पितळातही डोकावून आला होता. मला पाहून तो एक शब्दही बोलला नाही. माझ्या गुडघ्यावर पट्टी बांधली आणि आत गेला. तो रागावला असता तर मी उत्तर दिले असते. न बोलण्याला उत्तर देता येत नाही. सकाळी मात्र त्याने शांतपणे सांगितले, “नाना, सायकल आता पुरे. भंगारवाल्याला नको, कोणा गरजू मुलाला देऊन टाकू. तुम्हांला जेथे जावयाचे असेल तेथे मी नेईन.”

त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. परंतु जेथे दुसऱ्याने न्यावे लागते तेथे माणूस हळूहळू जाईनासा होतो, हे मी माझ्या सोबत्यांत पाहिले आहे. मी त्याच्याकडे एक महिन्याची मुदत मागितली. म्हटले, “अरे, जन्मभर मी दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, आता तू माझी घे. महिन्याने माझी हत्यारे तपास. एक जरी नादुरुस्त निघाले तर सायकल तुझी.” त्याची आई इतका वेळ गप्प होती, ती म्हणाली, “थैली मी शिवून देते. पण अहो, जाताना कुठे जाता एवढे सांगून जात जा.” या वाक्याकडे त्या वेळी मी फारसे लक्ष दिले नाही.

आता हत्यारांकडे वळू. माझी सायकल अ‍ॅटलस कंपनीची, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची. नोकरीच्या पहिल्या वर्षांत घेतलेली. त्या कंपनीचा सोनिपतचा कारखाना १९५१ साली निघाला, आणि साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. तेव्हा अशी गाडी ज्याच्याजवळ आहे त्याने ती स्वतः राखावयास शिकणे हेच बरे. पुढच्या चाकास बत्तीस आणि मागच्यास चाळीस आरे. मागच्यास अधिक कशासाठी, हे वर्गात विचारण्यासारखे आहे: स्वाराचे ओझे बहुतांशी मागच्या चाकावर पडते आणि साखळीची ओढही तेच सोसते. सायकलीच्या दुकानात यांना ‘स्पोक’ किंवा ‘तारा’ म्हणतात, परंतु आपला बैलगाडीचा ‘आरा’ म्हणजे वेदांतला ‘अर’च, गाडीचा ‘आस’ म्हणजे ‘अक्ष’. ऋग्वेदातील अस्यवामीय सूक्तात बारा आऱ्यांच्या चक्राचे वर्णन येते ते संवत्सराचे. शब्द इतके जुने, वस्तू मात्र फार निराळी. गाडीचा लाकडी आरा खालून ओझे तोलून धरतो. सायकलीची बारीक तार ताणाच्या बळावर काम करते. म्हणून एक तार सैल झाली की चाक वाकडे फिरू लागते, आणि शेजारच्या तारांवर भार पडून त्याही तुटू लागतात. महिन्यातून एकदा प्रत्येक तार बोटाने छेडून पाहावी. जिचा आवाज बद्द येईल ती सैल समजावी. चाकाचा ‘आऊट’ काढणे हे मात्र कारागिराचे काम. तेथे आपण हात घालू नये.

थैलीतील पहिले हत्यार पंप. हवेच्या टायराचा मान बेलफास्ट येथे राहणाऱ्या जॉन बॉईड डनलॉप या पशुवैद्याकडे जातो. मुलाच्या तीनचाकी सायकलीचे हादरे कमी व्हावे म्हणून त्याने रबराची नळी चाकाभोवती बसविली आणि १८८८ साली पेटंट घेतले. ती कल्पना रॉबर्ट थॉमसन याने १८४५ सालीच नोंदविली होती, परंतु तेव्हा सायकलीच नसल्यामुळे ती विसरली गेली. बापाने मुलासाठी केलेली ती सोय आज आमच्या घरी मुलाने बापावर उलटविली, हा योगायोग असो. पंप घेताना आपल्या ट्यूबचा वॉल्व्ह पाहून घ्यावा. जुन्या सायकलींना डनलॉप पद्धतीचा वॉल्व्ह असतो, कित्येक नव्या सायकलींना मोटारीसारखा. डनलॉपच्या वॉल्व्हवर रबराची एक बारीक नळी चढविलेली असते. हवा तिच्यातून आत जाते आणि तीच तिला परतू देत नाही. उन्हाने ही नळी चिकट होऊन फाटते आणि लोक उगीच पंक्चर शोधीत बसतात! म्हणून तिचा दोन इंच तुकडा नेहमी जवळ असावा. पंपाच्या चामड्याच्या वायसरास महिन्यातून एकदा थेंबभर तेल लावून तो बोटाने फाकवावा. एवढे केले असते तर मजवर तो प्रसंग येता ना.

दुसरी वस्तू पंक्चरची डबी. तीत चार ठिगळे, घासकागद, टायर उचलण्याच्या दोन पट्ट्या आणि सोल्यूशनच्या दोन न उघडलेल्या नळ्या. एकदा उघडलेली नळी घरच्या कामास वापरावी. प्रवासात बंद नळीच न्यावी. दर वर्षी पाडव्यास मी नळ्या बदलतो. बदलण्याची तिथी ठरलेली असली म्हणजे विसर पडत नाही. ठिगळ लावताना नवशिक्याची चूक घाईची. सोल्यूशन लावल्याबरोबर ठिगळ चिकटवले तर ते सुटते. ओलेपणा जाईपर्यंत थांबले पाहिजे. त्यासाठी मी एक युक्ती योजिली आहे. अकारान्त पुल्लिंगी ‘राम’ शब्द सर्व विभक्त्यांत सावकाश म्हणावा. संबोधनासह त्याची चोवीस रूपे होतात. तो संपला म्हणजे इकारान्त ‘हरि’ शब्द घ्यावा, आणि शेवटी ‘नदी’. नदीच्या सप्तमीपर्यंत येता येता सोल्यूशन बरोबर सुकते. ज्यांना व्याकरणाचा कंटाळा असेल त्यांनी पाढे म्हणावे. ठिगळ बसल्यावरही एक काम राहते आणि पुष्कळ लोक तेच विसरतात: टायराच्या आतून बोट फिरवून काटा काढून टाकणे. कारण तसेच ठेवून कार्याचा परिहार केला तर ते दहा पावलांवर पुन्हा उभे राहते.

तिसरी वस्तू पाने. पाने विकत घेण्यासाठी मी उल्हासनगरास गेलो, तेव्हा त्या नगराविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दुसऱ्या महायुद्धात येथे कल्याण कॅम्प नावाची लष्करी छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या हजारो कुटुंबांना त्या बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसून उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. वस्त्यांना ‘एक नंबर’पासून ‘पाच नंबर’पर्यंत म्हणण्याची छावणीची रीत अद्याप चालू आहे. घरदार सोडून आलेल्या या लोकांनी जे हाताला लागेल ते करून, विकून, पुन्हा संसार उभे केले. येथल्या मालावर ‘मेड इन यू. एस. ए.’ असे छापतात आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद सर्वश्रुत आहे. तो सांगणाऱ्यांत खुद्द उल्हासनगरकरच पुढे असतात.

त्या बाजारात चकचकीत पान्यांचा एक जुडगा फारच स्वस्तात दिसला आणि मला मोह झाला. घरी येऊन मागच्या चाकाचा नट आवळू लागलो, तो पान्याचे तोंड फाकले आणि नटाचे कोपरे झिजून तो गोल झाला. दोष माझा, पुस्तक कव्हरावरून पारखू नये असे मुलांना सांगणारा मी, पाना चकाकीवरून घेतला! झिजलेला नट काढून घेण्यासाठी कॅम्पातल्या एका वृद्ध सायकल-दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने नट तर काढून दिलाच, पण आपल्या पेटीतला काळवंडलेला, बोजड, पंधराचा पाना नटावर चढवून मला हलवून पाहावयास सांगितले. पाना व नट एकाच धातूचे असल्याप्रमाणे जखडले होते. तो म्हणाला, “मास्तरजी, पाना हलता कामा नये. हलला की समजा तो खाणार.” हा मंत्र घेऊन मी पुन्हा पाने घेतले: चाकासाठी पंधराचा, किरकोळ नटांसाठी आठ-दहाचा, आणि एक लहान स्क्रू पाना. डंबेलच्या आकाराचा, आठ तोंडांचा पाना पुष्कळांजवळ असतो. तो अडीअडचणीस बरा, नित्याच्या कामास नव्हे. नव्या तऱ्हेच्या सायकलींना षट्कोनी एलन की लागतात. त्यांतील चार, पाच आणि सहा मिलिमीटरच्या तीन जवळ असल्या म्हणजे बहुतेक कामे भागतात. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, चालविताना ते आपोआप सुटू नये म्हणून. पाना वर उभा धरून दोन्ही पायडले पुढच्या चाकाच्या दिशेने आवळली जातात आणि मागच्या दिशेने सुटतात. एवढे पाठ असले की पुरे.

चौथी तेलाची बुधली आणि एक जुने धोतराचे फडके. साखळी आधी पुसावी, मग तेल. धुळीवर तेल घातले तर साखळी झिजविणारा लेप तयार होतो. शिवणयंत्राचे तेल चालते; खोबरेल घालू नये, ते थंडीत गोठते व पुढे चिकट होते. चाकाच्या ज्या भागावर ब्रेकचे रबर दाबते तेथे तेलाचा थेंबही उडू देऊ नये. हे काम मी दर शनिवारी पहाटे करितो, आणि मग सायकलीची चाचणी म्हणून वालधुनी नदीच्या काठच्या शिवमंदिरापर्यंत जाऊन येतो. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळचा, शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख त्या मंदिरात आहे. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेले की बाहेरचा कोलाहल ऐकू येईनासा होतो. बाहेरच्या भिंतीवर वीतभरही जागा कोरीव कामावाचून सोडलेली नाही. ज्या छिन्न्यांनी ते काम झाले त्या रोज कितीदा धारेस लागल्या असतील, असा विचार मला तेथे उभा असताना हटकून येतो. हत्याराची निगा हाही कामाचाच भाग आहे, हे त्या भिंतीजवळ कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पाचवा दिवा. डायनामो मी काढला नाही; जुन्या सोबत्याला घालवून देणे बरे दिसत नाही. परंतु विजेरीवर चालणारा एक पांढरा दिवा पुढे आणि लुकलुकणारा तांबडा मागे बसविला. चाक फिरो न फिरो, ते जळतात, आणि काढून हातातही धरता येतात. स्वाराला रस्ता दिसावा यासाठी दिवा असतो असे मी समजत होतो. स्वार रस्त्याला दिसावा हे त्याहून महत्त्वाचे, हे त्या टेंपोने शिकविले. शिवाय डोक्यास हेल्मेट आहे. प्रथम लाज वाटली, आता टोपीसारखी सवय झाली.

थैलीने जे होणार नाही तेही सांगितले पाहिजे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हासच्या पुरात अडकली आणि शेकडो उतारूंना होड्यांतून बाहेर काढावे लागले. जेथे आगगाडी हतबल होते तेथे पंप आणि पाना यांची मातब्बरी काय? म्हणून आषाढ-श्रावणात मी बदलापूरच्या पुढे जात नाही, आणि इतर दिवसांतही चारनंतर गावाबाहेर राहत नाही. हा नियम मुलाने घातलेला नाही, माझा मीच घातला आहे; म्हणून तो पाळणे सोपे जाते.

महिना संपला त्या रविवारी परीक्षा झाली. मुलाने थैली ओट्यावर पालथी केली, पंप दाबून पाहिला, दिवे लावून पाहिले, आणि मग काही न सांगता मागच्या चाकाची हवा सोडून ट्यूबला टाचणी टोचली! मी ‘राम’, ‘हरि’, ‘नदी’ म्हणून ठिगळ लावले. नातू घड्याळ घेऊन बसला होता. पंचवीस मिनिटे लागली. “चाक ठीक आहे,” मुलगा म्हणाला, “पण त्या रात्री मला चाकाची काळजी नव्हती, नाना. तुम्हांला कुठे शोधावे हेच कळत नव्हते.”

त्याच्या आईने महिन्यापूर्वी सांगितले होते तेच हे. मी उठलो, माळ्यावरून शाळेतली एक जुनी पाटी काढली आणि दाराशेजारच्या खिळ्यास टांगली. आता निघताना तीवर तीन ओळी लिहितो: कोठे, कोणत्या रस्त्याने, किती वाजता परत. मोबाईल थैलीत असतोच. पण डोंगराकडे तो पुष्कळदा मुका होतो, पाटी होत नाही. दहा हत्यारांत मला सर्वांत उपयोगी कोणते असे कोणी विचारले तर मी त्या पाटीकडे बोट दाखवीन. परत आल्यावर ती मीच पुसतो. एखादे दिवशी उशीर झालाच, तर मी येईतो आमचे कुटुंब दारात पाटीजवळ उभे असते. परंतु पूर्वीसारखे रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहत नाही, एकाच टोकाकडे पाहते.

सायकल देऊन टाकण्याची गोष्ट त्यानंतर निघाली नाही. परवानगी मिळाली असेही कोणी बोलले नाही. गेल्या आठवड्यात मुलगा नातवाच्या सायकलीपाशी बसला होता, तेथूनच त्याने हाक मारली, “नाना, तो तुमचा पंधराचा पाना जरा द्या.” मी दिला, आणि काम झाल्यावर पुसून परत थैलीत ठेवावयास सांगितले.